सात जण, नऊ-दहा दिवस आणि डिसेंबरची सुट्टी: रूटच्या आधी काय ठरवायचं

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सात मराठी मुलंमुली, सगळे जर्मनीत स्टुटगार्टमध्ये मास्टर्सच्या पहिल्या सेमिस्टरला, ऑक्टोबरमध्येच आलेले. ख्रिसमसच्या सुट्टीत दहा दिवसांत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि "जमलं तर स्वित्झर्लंड" करायचंय. तीन आठवडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा चालू आहे, दोघं रोज नवीन रूट टाकतात, दोघं "तुम्ही ठरवा, आपल्याला काहीही चालेल" म्हणतात, एक जण मेसेज वाचतो पण उत्तर देत नाही. शिवाय ग्रुपमधल्या दोघांचा व्हिसा जानेवारीच्या मध्यात संपतोय आणि रेसिडेन्स परमिटची अपॉइंटमेंट अजून मिळालेली नाही. प्रश्न असा की सगळ्यात चांगला रूट कुठला आणि सगळ्यांना एका प्लॅनवर कसं आणायचं.

मी सांगलीची, २०१३ साली इथे शिकायला आले. दुसऱ्या वर्षापासून परदेशी विद्यार्थ्यांच्या सहली काढणाऱ्या ट्यूटरांच्या टीममध्ये होते आणि आता नोकरी करत असले तरी दर हिवाळ्यात नवीन आलेल्या एखाद-दोन ग्रुपना प्लॅनिंगला मदत करते. स्वतः बरोबर गेलेल्या ट्रिपा वीसेक तरी असतील. वयाने बरीच मोठी आहे म्हणून तुला तू म्हणते.

तुझा प्रश्न मला रूटचा वाटत नाही. प्राग आधी की व्हिएन्ना आधी यावर तीन आठवडे कुणी भांडत नाही, नकाशा उघडला की दहा मिनिटांत कळतं. तीन आठवडे गाडी अडते तेव्हा बहुतेक वेळा कुणाला तरी पैशाचं बोलायचं असतं आणि बोलता येत नसतं, आणि हे "काहीही चालेल" म्हणणारे असतात ना, त्यांच्याकडे नीट बघ, ते सगळ्यात जास्त अडचणीत असू शकतात. तुमची ओळख अजून तीन महिन्यांचीही नाही. सगळे पहिल्यांदा घराबाहेर, पहिला हिवाळा, दुपारी साडेचारला अंधार, अशा वेळी ग्रुपमधून बाहेर पडायची भीती खूप मोठी असते. त्यामुळे माणूस हो म्हणतो आणि मग आतल्या आत हिशोब करत बसतो.

हे मी इतक्या खात्रीने म्हणते कारण माझी पहिलीच ट्रिप तशी झाली. २०१३ चा डिसेंबर, आम्ही आठ जण प्रागला गेलो होतो. आमच्यातला एक मुलगा लातूरकडचा, रोज संध्याकाळी जेवायला निघालो की म्हणायचा मला भूक नाही, तुम्ही जाऊन या, मी जरा पडतो. आम्हाला वाटलं थकला असेल, थंडी सोसत नसेल. तिसऱ्या दिवशी मी पाकीट विसरले म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत आले तर तो हॉस्टेलच्या किचनमध्ये ब्रेडला शेंगदाण्याची चटणी लावून एकटा खात बसला होता. नंतर हळूहळू कळलं की खोलीचं डिपॉझिट भरून त्याच्याकडे महिन्याच्या खर्चाचेच पैसे होते आणि घरून मागायचे नव्हते कारण शिक्षणासाठी जमिनीवर कर्ज काढलेलं. मी विचारलं मग आलास कशाला रे, तर म्हणाला सगळे गेल्यावर तिकडे युनिव्हर्सिटीच्या होस्टेलमध्ये मी एकटाच उरलो असतो. नाही म्हणवत नव्हतं आणि हो परवडत नव्हतं. आम्ही सात जण तीन दिवस त्याच्याबरोबर होतो आणि एकालाही दिसलं नाही. मला ते अजून लागतं.

तेव्हा बाडेन-वुर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्यात, फी नव्हती. २०१७ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो भरावे लागतात, म्हणजे तुमची परिस्थिती आमच्यापेक्षा कठीण आहे. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच अडकवून ठेवलेल्या पैशांचे, वर्षाचे ११,९०४, महिन्याला ९९२ युरो हातात येतात, त्यात भाडं, इन्शुरन्स, खाणं. आणि उन्हाळी सेमिस्टरची फी तुम्हाला जानेवारी-फेब्रुवारीत भरायची आहे, ती न भरता रुकमेल्डुंग, म्हणजे पुढच्या सेमिस्टरची नोंदणी, होत नाही. ट्रिपवरून आल्यावर महिनाभरात १५०० अधिक सेमिस्टरचं योगदान. हे ग्रुपमध्ये आत्ताच मोठ्याने बोला. डिसेंबरमध्ये ५०० युरो "आहेत" असं वाटतं, पण ते बऱ्याच जणांचे फेब्रुवारीचे पैसे असतात. ज्याला वेर्कस्टुडंटचं, म्हणजे शिकता शिकता करायचं, काम लागलंय किंवा घरून आरामात येतंय त्याचं गणित वेगळं, आणि त्यात त्याचा काही दोष नाही, फक्त त्याने ठरवलेला आकडा सगळ्यांचा आकडा धरायचा नाही.

मी काय करते ते सांगते. बजेटचा पोल ग्रुपवर कधीच टाकायचा नाही, कारण तिथे पहिला माणूस ५०० म्हणाला की बाकीचे ५०० च म्हणतात. ग्रुपमधला एक जण निवडायचा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. प्रत्येकाने त्याला एकट्याला आकडा सांगायचा, प्रवास राहणं खाणं तिकिटं सगळं धरून, आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा तो ग्रुपचा आकडा. कुणाचा ते तो माणूस कधीच सांगणार नाही, पुढेही नाही. माझा विचार साधा आहे: ज्याच्याकडे जास्त आहेत तो तिथे जाऊन स्वतःच्या पैशाने जास्तीचं म्युझियम बघू शकतो, चांगल्या ठिकाणी जेवू शकतो, पण ज्याच्याकडे कमी आहेत तो आयत्या वेळी कुठून आणणार.

हे प्रत्येक वेळी जमतं असं नाही. एकाचा आकडा १५० आणि दुसऱ्याचा ६०० असेल तर १५० मध्ये सगळ्यांना बसवायला गेलं की बाकीचे चिडतात आणि ते चिडणं रस्त्यात बाहेर येतं. अशा वेळी मी ट्रिप दोन तुकड्यांत करते. पहिले चार दिवस सगळे एकत्र, तिथून काही परत, काही पुढे. पण आधीपासून तसं ठरलेलं असेल तरच परतणाऱ्याला आपण गळालो असं वाटत नाही, आयत्या वेळी केलं तर वाटतं. कुठल्या ग्रुपला काय जमेल हे आकडे बघितल्याशिवाय मला इथून सांगता येणार नाही.

आता व्हिसा, इथे मी जरा कडक बोलणार आहे.

जर्मनीचा नॅशनल व्हिसा किंवा रेसिडेन्स कार्ड चालू असेल तर तुम्ही बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा धरणाऱ्या युरोपातल्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरू शकता, त्यासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेक, स्लोव्हाकिया, स्वित्झर्लंड सगळे त्यात येतात. म्हणजे तुमच्या दोघांचा व्हिसा संपायच्या आत ते परत स्टुटगार्टमध्ये असतील तर कागदोपत्री अडचण नाही. पण मी त्यांना शेवटच्या तारखेला चिकटून परतीचं तिकीट काढू देणार नाही, किमान आठवडाभर मोकळा हवा. हिवाळ्यात गाड्या रद्द होतात, माणूस आजारी पडतो, पासपोर्ट हरवतो. दुसरं म्हणजे अपॉइंटमेंट मिळाली नसली तरी परमिटचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेलेला असला पाहिजे, आणि तो निघायच्या आधी पाठवा, परत आल्यावर बघू असं नको. ऑनलाइन अर्ज केल्याची जी ईमेल येते ती प्रवासाचा कागद नाही, ती दाखवून सीमा ओलांडता येईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग म्हणून जो मधल्या काळाचा कागद मिळतो त्यावर इथे राहता येतं, पण तो घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं का हे त्यातल्या कुठल्या खान्यात खूण केली आहे त्यावर असतं, त्यामुळे व्हिसा संपल्यानंतरच्या तारखा प्लॅनमध्ये येत असतील तर आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी लोकांच्या परमिटच्या ऑफिसला, लेखी विचारल्याशिवाय निघायचं नाही.

आणि पासपोर्ट सगळ्यांनी खिशात ठेवायचा, फोटो नाही, झेरॉक्स नाही, मूळ पासपोर्ट, ज्याचं कार्ड आलंय त्याने दोन्ही. शेंगेनमध्ये सीमाच नाही असं सीनियर सांगतात ते त्यांच्या वेळचं असतं. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आणि ती मुदत पुढे वाढवत नेली. हंगेरीतून ऑस्ट्रियात येतानाही २०१५ पासून तपासणी आहे. एका वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने पासपोर्ट हरवेल या भीतीने तो खोलीवरच ठेवला होता, रात्री अडीच वाजता बसमध्ये पोलीस चढले आणि तिला खाली उतरवलं. चौकशी होऊन सोडलं, पण बस तोपर्यंत निघून गेलेली, मी तिच्याबरोबर उतरले म्हणून बरं, उणे सहा तापमानात आम्ही दोघी पहाटेपर्यंत पेट्रोल पंपावर. त्यानंतर माझ्या कुठल्याही ग्रुपमध्ये बस सुटायच्या आधी सगळे पासपोर्ट हातात धरून दाखवायचे असा नियम आहे, शाळेच्या सहलीसारखं वाटलं तरी चालेल.

आता रूट. तुम्ही विचारलाच आहे तर माझं मत: दहा दिवसांत चार देश नको. प्रत्येक शहर बदलताना अर्धा दिवस बॅग भरण्यात, स्टेशनवर आणि चेक-इनची वाट बघण्यात जातो, आणि त्या दिवसांत उजेड असतोच जेमतेम आठ तास. सात जणांचा ग्रुप आणि दोन बाथरूम म्हटल्यावर सकाळी दहाच्या आत कुणी बाहेर पडत नाही, चारला अंधार, मग शहर दिसणार कधी. स्वित्झर्लंड तर सरळ काढून टाका. ते आपल्या शेजारी आहे, मे-जूनमध्ये एखाद्या लांब वीकेंडला जा, डोंगर दिसतील आणि खर्चही आवाक्यात राहील. अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये तुमचा जर्मन सिमचा डेटा जास्तीचे पैसे न देता चालतो पण स्वित्झर्लंड त्यात नाही, बऱ्याच प्लॅनमध्ये तिथला डेटा वेगळा आणि महाग पडतो. मागे एका मुलाने झुरिकमध्ये दिवसभर नकाशे आणि व्हिडिओ कॉल चालू ठेवले आणि महिन्याच्या बिलाने त्याची ट्रिप दुप्पट झाली.

प्रागही मी या वेळी वगळेन. शहर फार सुंदर आहे, पण स्टुटगार्टहून व्हिएन्ना-बुडापेस्ट ही एक सरळ रेघ आहे आणि प्राग त्यात वळसा. तुमच्यात प्रागसाठीच जीव टाकणारे जास्त असतील तर उलट करा, प्राग आणि व्हिएन्ना ठेवा, बुडापेस्ट सोडा. प्रागच्या जुन्या चौकातला ख्रिसमस मार्केट ६ जानेवारीपर्यंत असतो हा एक मुद्दा त्याच्या बाजूने आहे, कारण इथे सगळ्यांची फसगत होते. मुलं २६-२७ तारखेला निघतात ख्रिसमस मार्केट बघायला आणि तोवर जर्मनीतले बहुतेक बंद झालेले असतात, आपल्या स्टुटगार्टचा २३ डिसेंबरला संपतो, व्हिएन्नाचा राटहाउस म्हणजे टाउन हॉलसमोरचा २६ ला. म्हणून मार्केट बघायचे तर आत्ता, लेक्चर चालू असताना संध्याकाळी जाऊन बघून घ्या, शेजारचं एस्लिंगेन तर एस-बानवर, म्हणजे लोकल गाडीवर आहे.

निघायची तारीख मी २७ डिसेंबर धरेन. २४ ला दुपारनंतर दुकानं बंद, २५-२६ पूर्ण बंद, बुडापेस्टमध्ये तर २४ ला दुपारी ट्रॅम-मेट्रो आवरायला लागतात आणि संध्याकाळी नेहमीची सेवा नसते. सात जण सामान घेऊन अनोळखी शहरात उतरलात आणि खायला काही उघडं नाही, हे मी एकदा केलंय. २७ धरण्यामागे माझं दुसरंही कारण आहे, ते पुढे येईल.

तुमच्याकडे डी-टिकेट, म्हणजे लोकल आणि रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास, असणारच, सत्तावीस वर्षांच्या आतल्यांकडे बहुतेक युगेंड-बीडब्ल्यूवालं, म्हणजे आपल्या राज्यातल्या तरुणांसाठीचं, ते पूर्ण जर्मनीत चालतं. त्यावर रिजनल गाड्यांनी उल्म, आउग्सबुर्ग, म्युनिक करत थेट साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत जाता येतं, साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असलं तरी तिथपर्यंत ते धरतात. गाड्या बदलत साधारण सहा तास, पण खिशातून शून्य. फक्त आयसीई, आयसी, रेलजेट या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये ते चालत नाही, म्युनिक स्टेशनवर घाईत कुणी समोरच्या रेलजेटमध्ये चढू नका. साल्झबुर्गहून व्हिएन्ना अडीच तास, हे तिकीट आत्ता काढलं तर स्वस्त पडेल, नाताळच्या आठवड्यात नाही. व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. परतताना एक रात्र साल्झबुर्गला थांबलात तर शरीराला आराम मिळतो आणि दुसऱ्या दिवशी परत डी-टिकेटवर घरी. २७ ते ३० व्हिएन्ना, ३० ते २ बुडापेस्ट, मग साल्झबुर्ग, ३ किंवा ४ तारखेला स्टुटगार्ट. व्हिसावाल्या दोघांना मोकळे दिवस मिळतात आणि ६ तारखेची थ्री किंग्जची सुट्टी झोपायला आणि धुणं धुवायला राहते. फेब्रुवारीत परीक्षा आहेत हे विसरू नका. लेक्चर नसणं म्हणजे सुट्टी नसते इथे, आणि कुणाचा जानेवारीत रिपोर्ट द्यायचा असेल तर त्याने लॅपटॉप घ्यावा आणि सकाळचे दोन तास त्याला कुणी हाक मारू नये, एवढंच.

थर्टी-फर्स्ट व्हिएन्नाला की बुडापेस्टला हा वाद होईल. व्हिएन्नात त्या रात्री जुन्या शहरात रस्त्यावरच कार्यक्रम असतात आणि बाराच्या ठोक्याला श्टेफान्सडोम या मोठ्या चर्चची पुमेरिन ही मोठी घंटा वाजते, ते ऐकण्यासारखं आहे खरं, पण त्या रात्रीचे राहायचे भाव बघा आणि ठरवा. मी बुडापेस्ट म्हणते, कारण तिथे राहणं-खाणं स्वस्त आहे आणि गरम पाण्याची उघडी कुंडं आहेत. सेचेन्यी बाथ १९१३ पासूनचा, बाहेर बर्फ पडत असतो आणि आपण गळ्यापर्यंत गरम पाण्यात, ज्यांना या थंडीने रडवलंय त्यांनी हे एकदा करावंच. पैसे वाचवायचे असतील त्या दिवशी २ नंबरच्या ट्रॅमने डॅन्यूबच्या काठाने या टोकाहून त्या टोकाला जा, साध्या तिकिटात पार्लमेंट, पूल, पलीकडचा किल्ला सगळं दिसतं. तिकीट मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, नुसतं विकत घेऊन खिशात ठेवलेलं तिकीट तपासनीसाला चालत नाही. फोरिंट म्हणजे हंगेरीच्या चलनाचं एटीएम किंवा कार्ड मशीन "युरोमध्ये पैसे घेऊ का" विचारेल तेव्हा नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा, नाहीतर मशीनवाला स्वतःचा वाईट रेट लावतो.

व्हिएन्नात शेनब्रुन महालाच्या बागेत फुकट फिरता येतं, आत महालात जायचं तर तिकीट. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केट उघडी असतात.

खाण्याचं म्हणशील तर किचन असलेलं हॉस्टेल किंवा अपार्टमेंट घ्या, बाकी सुखसोयी नसल्या तरी चालतील. सात जणांत दोन-तीन शाकाहारी असतीलच आणि रोज बाहेर चीज आणि बटाटा खाऊन तिसऱ्या दिवशी माणूस वैतागतो. बुडापेस्टला लांगोश मिळतो, तळलेल्या पिठाच्या पोळीवर आंबट क्रीम आणि चीज, तो शाकाहारी चालतो, पण सूप म्हणून जे काही येईल त्यात मांस आहे का ते विचारून घ्या. मी तांदूळ, मुगाची डाळ, मसाल्याचा डबा, मेतकूट आणि भडंग एवढं कायम नेते. रात्री एक वेळ खिचडी केली की सात जणांचा जेवणाचा खर्च दहा-बारा युरोत होतो. ते पैशापुरतंही नाही. परदेशातल्या किचनमध्ये दिवसभर हिंडून आल्यावर एक जण कांदा चिरतोय, एक जण फोडणी देतोय, बाकीचे टेबलावर पाय वर घेऊन बसलेत, मला विचारशील तर ट्रिपमधलं लक्षात राहणारं तेच असतं. आणि त्या टेबलावर कुणी उपाशी राहिलं तर दिसतं.

दिवसभर मात्र सातही जण एकत्र फिरायचा हट्ट करू नका. सात जण एका रांगेत शहर बघायला लागले की सगळा वेळ कुणाची तरी वाट बघण्यात जातो. मी असं करते: सकाळी दोन किंवा तीनचे गट, ज्याला म्युझियम हवं तो तिकडे, ज्याला नुसतं हिंडायचंय तो हिंडेल, एकट्याने कुणी जायचं नाही, आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी सगळे. जेवण एकत्र. जागा म्हणजे "स्टेशनजवळ" नाही, अमुक पुतळ्याखाली, अमुक दारापाशी. थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते म्हणून पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात.

पैसे कसे वाटायचे त्याबद्दल फार लिहीत नाही, स्प्लिटवाइज तुम्ही वापरतच असाल. दोनच गोष्टी सांगते. बुकिंग एकाच्याच कार्डवर सगळं करू नका, सात जणांचं हॉस्टेल एकाने भरलं तर त्याचा महिन्याचा हप्ता अडकतो, वाटून करा आणि दोन दिवसांत पैसे परत द्या. आणि कुणी आयत्या वेळी गळलं तर त्याच्या वाट्याचं काय हे आधी लिहून ठेवा. आजारी पडला तर बाकीचे सोसतील, मूड बदलला तर तो सोसेल, असं आम्ही करतो. फुकट कॅन्सल होणारंच हॉस्टेल घ्या म्हणजे भांडण निम्मं कमी.

आजारपणावरून आठवलं. सरकारी इन्शुरन्स असेल तर तुमच्या कार्डच्या मागच्या बाजूला युरोपियन हेल्थ कार्ड आहे, ते ऑस्ट्रिया-हंगेरीत तातडीच्या उपचाराला चालतं, म्हणून कार्ड बरोबर हवंच. ज्यांचा प्रायव्हेट आहे त्यांनी कंपनीला आधी विचारा. बर्फात डोंगरावर जायचा बेत असेल तर वेगळा प्रवास विमा काढा, हेलिकॉप्टरने खाली आणलं तर तो खर्च या कार्डात येत नाही. इमर्जन्सी नंबर सगळीकडे ११२. नेहमीची औषधं इथूनच न्या, एका वर्षी बुडापेस्टमध्ये रात्री एकाला १०३ ताप आणि सात जणांत मिळून एक क्रोसिन नव्हती.

एवढं सगळं लिहिल्यावर आता जो उत्तर देत नाही त्या मुलाकडे येते, कारण तुझ्या प्रश्नात तू त्याला अर्धीच ओळ दिली आहेस. तो का गप्प आहे मला माहीत नाही. पैसे असतील, कुणाशी पटत नसेल, घरी काही असेल, किंवा त्याला नुसतं झोपायचं असेल आणि तेही बरोबरच आहे. पण हे ग्रुपवर विचारू नकोस. त्याला मेन्साच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनच्या, बाहेर गाठ, बरोबर चाल, आणि ट्रिपला येतोस का असं न विचारता सुट्टीत काय करणार आहेस असं विचार. येणार नाही म्हणाला तर समजावू नकोस. कारण विचारू नकोस. आणि २७ चं माझं दुसरं कारण हे आहे: २४ च्या संध्याकाळी इथे सगळं शहर बंद होतं, होस्टेलच्या मजल्यावर दिवे नसतात, जर्मन मुलं घरी गेलेली असतात, आणि पहिल्या वर्षी ती एक संध्याकाळ फार जड जाते. त्या संध्याकाळी तुम्ही सगळे स्टुटगार्टमध्ये असाल. कॉमन किचनमध्ये मसालेभात करा, त्याला बोलवा, मजल्यावर अजून कुणी इराणी, मेक्सिकन, नायजेरियन मुलं मागे राहिली असतील तर त्यांनाही. २३ ला सामान आणून ठेवा म्हणजे झालं. मग २७ ला तुम्ही गेलात तरी तो ट्रिपमधून गळालेला राहत नाही, सणाला बरोबर असलेला राहतो.

घरी सांगायचंही आहे बऱ्याच जणांना. आईवडिलांना आधीच रूट, हॉस्टेलचे पत्ते आणि दोन मित्रांचे नंबर देऊन ठेवा. बसमध्ये नेटवर्क गेलं की तिकडे रात्रभर कुणी झोपत नाही.

तर क्रम असा धर: आधी गप्प असलेल्याशी बोलणं, मग खाजगीत आकडे, मग व्हिसाच्या तारखा, आणि रूट सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी झाल्या की रूट एका संध्याकाळी ठरेल बघ. तोपर्यंत त्या दोघांच्या व्हिसाची नेमकी शेवटची तारीख काय आहे आणि त्यांचा परमिटचा अर्ज गेलाय की नाही हे इथेच खाली लिही, ३० तारखेनंतरचा भाग त्याप्रमाणे बदलावा लागला तर मी सांगते.